निकानोरचा वॉल्ट्झ

मला नाचता येतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यावरून साकात्लानमधली निम्मी माणसं भलतंच सांगत फिरतात. मी सहा फूट दोन इंच आहे, खांद्यांत रुंद आहे, म्हणून मला सगळे कपाट म्हणतात. खरं नाव एलेउतेरिओ, पण ते फक्त आईला आठवतं. तरुणपणी माझ्याकडे स्वतःचा काळा सूट होता. आमच्याकडे मुलगी पंधरा वर्षांची झाली, की तिचं 'पंधरावं' करतात, नाचाचा मोठा समारंभ. कुणाचं पंधरावं ठरलं, की तिच्या आया-मावश्या आमच्या दारात हजर. आमच्या पोरीबरोबर नाचशील ना रे? नऊ मुलींबरोबर नाचलो मी, आणि एकीच्याही पायावर पाय दिला नाही. पुढे दारू आली, सूट गेला, बसवरची नोकरी गेली. नाच तेवढा अंगात राहिला.

ही गोष्ट मी 'दुसरा दम'मध्ये होतो तेव्हाची. पंक्चरच्या दुकानाच्या वर ते घर आहे, दारू सोडू बघणाऱ्या पुरुषांसाठी, आणि फक्त पुरुषांसाठी. साकात्लान म्हणजे सफरचंदांचं गाव. हंगामात गल्लीगल्लीतून सफरचंदाच्या दारूचा वास सुटतो. अशा गावात असलं घर काढणं म्हणजे हलवायाच्या दुकानात उपास धरण्यासारखं. आम्ही अकरा जण खिडक्या बंद करून, नाकं दाबून आत बसलेले असायचो.

घराचा मुख्य म्हणजे पाद्रिनो आबुंदिओ. आमच्याकडे दारू सुटलेला जुना माणूस नव्यांना सांभाळतो, त्याला पाद्रिनो म्हणतात. हा सतरा वर्षं थेंबाला शिवलेला नव्हता आणि त्याचा राग सगळा आमच्यावर काढायचा. पहाटे साडेपाचला उठवायचा, गार पाण्याने आंघोळ करायला लावायचा, तिन्ही त्रिकाळ घेवड्याची उसळ खाऊ घालायचा. दिवसातून दोनदा लाकडी चौथऱ्यावर उभं राहून आपापली थेरं सगळ्यांसमोर सांगायची. फोन नाही, टीव्ही नाही, आरसासुद्धा एकच, दाढीपुरता. आणि नव्वद दिवस उंबरठा ओलांडायचा नाही, म्हणजे नाही. बाप मेला तरी नाही. एकाचा खरंच मेला होता, त्यालाही सोडलं नव्हतं.

निकानोर माझ्या शेजारच्या खाटेवर होता. घड्याळं दुरुस्त करायचा. बोटं अशी, की केसाएवढी स्प्रिंग डोळे मिटून बसवेल. दारूने ती बोटं थरथरायला लागली आणि दुकान बसलं. माणूस साधा, पण चौथऱ्यावर उभा राहिला की एकच गोष्ट सांगायचा. चार वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या मुलीचं पंधरावं झालं. समारंभात बापाने मुलीच्या नावाने दोन शब्द बोलायचे असतात. निकानोर माईक घेऊन चाळीस मिनिटं बोलला. त्यातली पंचवीस मिनिटं सरकारवर. मग दमून खाली बसला, तो नेमका केकवर. पाच मजली केक. तसाच उठला आणि मागे दोन मजले चिकटलेले असताना मुलीबरोबर नाचला. त्याचा व्हिडिओ अख्ख्या तालुक्याकडे आहे. मीही पाहिला होता, तीनदा, आणि तिन्ही वेळा हसून लोळलो होतो. त्याला हे सांगितलं नाही.

"केकवर साखरेची बाहुली होती," तो सांगायचा. "ती सापडेना. शेवटी यारेलीने शोधली. धाकटी माझी. अकरा वर्षांची होती तेव्हा. माझ्या पॅन्टला चिकटली होती, ती तिने काढली, नळाखाली धुतली आणि थोरलीच्या हातात दिली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. त्यानंतरही फार बोललेली नाही."

चौतिसाव्या दिवशी, रविवारी, निकानोरची बायको चोले भेटीला आली. ती दर रविवारी यायची. यारेली एकदाही आली नव्हती. जिन्याखालच्या बाकावर आम्ही सगळेच बसायचो, त्यामुळे कुणाचं काही खासगी राहायचं नाही.

"यारेलीचं पंधरावं ठरलं," चोले म्हणाली. "बावीस तारखेला, शनिवारी."

निकानोरने बोटांवर मोजलं. "तो माझा ब्याऐंशीवा दिवस."

"माहितीय मला. बापाबरोबर करायचा तो वॉल्ट्झ नाच ती रोखेलिओबरोबर करणार आहे."

रोखेलिओ म्हणजे चोलेचा भाऊ. सरळ भांग, सरळ मिशी, आयुष्यात कधी पडला नाही असा माणूस. मला असली माणसं बघवत नाहीत.

"ती काय म्हणाली?" निकानोरने विचारलं. "यारेली? माझ्याबद्दल?"

"मी विचारलं तिला. म्हणाली, दोन पायांवर उभे राहून आले तर बघू."

"बघू म्हणाली?"

"बघू म्हणाली."

त्या एका 'बघू'वर निकानोर आठवडाभर जगला. उसळ खाताना म्हणायचा, बघू म्हणाली रे. आंघोळीला बादली घेऊन जाताना, बघू म्हणाली. शेवटी आम्हालाच असह्य झालं. आम्ही दहा जण पाद्रिनोकडे गेलो आणि त्याला सोडा म्हणालो.

"नव्वद म्हणजे नव्वद," पाद्रिनो म्हणाला. "आज याला ब्याऐंशीला सोडलं, तर उद्या तुम्ही बेचाळीसला मागाल."

"मग घेऊन जा ना त्याला," फिदेन्सिओ म्हणाला. हा गावच्या बँडमध्ये ट्यूबा, ते थोरलं पितळी वाद्य, वाजवायचा, वाजवायचा म्हणजे ट्यूबा विकून पिईपर्यंत. "तुम्ही बरोबर चला. आम्ही सगळे चलतो. घर जिथे जाईल तिथे उंबरठा. अकराच्या अकरा जण त्याच्याभोवती उभे राहिलो, तर तो बाहेर गेला असं कोण म्हणेल?"

असला युक्तिवाद फक्त दारुड्यालाच सुचतो, आणि फक्त दारुड्यालाच पटतो. पाद्रिनो बराच वेळ मिशी चावत बसला. मग म्हणाला, "त्याला वॉल्ट्झ येतो का?"

येत नव्हता. चार वर्षांपूर्वी तो नाचला होता त्याला वॉल्ट्झ म्हणणं म्हणजे वॉल्ट्झचा अपमान. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, शर्ट खोचला आणि जेवणाची टेबलं भिंतीला लावायला सांगितली.

सहा आठवडे शिकवलं मी त्याला. रोज दुपारी, उसळीनंतर. फिदेन्सिओ कोपऱ्यात उभा राहून तोंडाने पूम-पा-पा, पूम-पा-पा करायचा, आणि गाल फुगवून असा करायचा की ट्यूबा विकल्याचं दुःख वाटायचं नाही. मी निकानोरचा हात हातात घ्यायचो, दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवायचो. मान वर, निकानोर. पायाकडे बघू नकोस, पाय कुठे जात नाहीत. मी पुढे आलो की तू मागे. मी हात वर केला की तू खालून गिरकी. पहिला आठवडा तो ओल्या चादरीसारखा माझ्या अंगावर लोंबत होता. तिसऱ्या आठवड्यात पाठ ताठ झाली. पाचव्यात तर काय सांगू, पीस! बोट लावलं की फिरायचा.

ते बघून इतरांनाही चेव आला. त्यांनाही शिकवलं, एकेकाला. आपसात मात्र नाचू दिलं नाही. दोन शिकाऊ एकत्र आले की हात बिघडतो, म्हणून जो नाचायचा तो माझ्याबरोबरच. शेवटी पाद्रिनोही एकदा येऊन उभा राहिला. त्या खडूस माणसाने माझ्या हाताखालून दोन गिरक्या घेतल्या आणि डोळे पुसत खोलीत निघून गेला. मला माझा इतका अभिमान वाटला, की त्या दिवशी चौथऱ्यावर उभं राहून मी दारूबद्दल अवाक्षर न काढता वीस मिनिटं नाचावर बोललो.

कपड्यांचा प्रश्न फिदेन्सिओने सोडवला. बँडचे जुने गणवेश चर्चच्या कपाटात पडून होते. लालभडक कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, डोक्यावर टोपी. मला कुठलाच कोट झाला नाही, शेवटी ट्यूबावाल्याचा पाठीत उसवून घातला. बावीस तारखेला दुपारी दोन वाजता आम्ही अकरा जण आणि पाद्रिनो एका व्हॅनमध्ये कोंबून हॉलवर उतरलो. दारातच एका म्हाताऱ्याने आमचं स्वागत केलं. "आले, बँडवाले आले! आधी एक जुनं काहीतरी होऊन जाऊ द्या."

"आम्ही बँड नाही," पाद्रिनो म्हणाला.

"मग कोण?"

खरं सांगावं तर निकानोरची लाज, खोटं सांगावं तर घराचा नियम मोडतो. "आम्ही त्याच्याबरोबर आहोत," पाद्रिनो म्हणाला, आणि आम्ही निकानोरला मधोमध घेऊन आत घुसलो. खरा बँड स्टेजवर बसला होता. त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही त्यांच्या पोटावर पाय द्यायला आलोय.

आमची व्यूहरचना पक्की होती. निकानोरपासून चार पावलांच्या आत येणारी प्रत्येक खाण्यापिण्याची वस्तू आधी हुंगायची. हे काम फिदेन्सिओच्या नाकाकडे होतं. त्याने जास्वंदीचं सरबत पास केलं. भात पास केला. तांबड्या रश्श्यातली कोंबडी दोनदा हुंगून पास केली. मग यारेलीची आजी, एदुविखेसबाई, स्वतःच्या हातची पिवळी जेली घेऊन आली. फिदेन्सिओ वाकला, हुंगला आणि ताठ झाला.

"आहे," तो म्हणाला.

"काय आहे?" आजी म्हणाली.

"आजी, यात रम आहे."

"दोन चमचे! अंडं-दुधाच्या जेलीत घालावीच लागते."

मी हुंगलं. होती. आणखी दोघांनी हुंगलं. त्यातला एक जरा जास्तच वेळ हुंगत राहिला, त्याला कॉलर धरून मागे ओढावं लागलं. पाद्रिनोने डोक्यावरची टोपी काढून जेलीवर पालथी घातली आणि दोन माणसं पहाऱ्याला उभी केली.

"तीस वर्षं करतेय मी ही जेली!" आजी कडाडली. "बिशपने खाल्लीय! आणि आज बँडवाले तिला अटक करतायत!"

सगळा हॉल बघायला लागला. रोखेलिओ मामा आला, सरळ मिशी घेऊन. "निकानोर," तो हळू, अगदी समजूतदारपणे म्हणाला, "आलास ते चांगलं झालं. पण आता बस एका जागी. वॉल्ट्झचं मी बघतो. पोरीचा दिवस आहे, पुन्हा तमाशा नको." त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणूनच मला त्याच्या मिशीला लोंबकळावंसं वाटलं.

तेवढ्यात यारेली आली. जांभळा झगा, एवढा मोठा घेर की ती चालायची तेव्हा खुर्च्या सरकायच्या. तोंड मात्र लहान, गंभीर, बापासारखं. तिने बापाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. लाल कोट, झालरी, टोपी. मग त्याच्या पायांकडे पाहिलं.

"दोन्ही पायांवर आहेत," ती मामाला म्हणाली. "बूट बदलायचं तर करू दे त्यांना. पुढचं पुढे बघू."

पंधराव्याला मुलीचे सपाट बूट काढून बापाने तिला पहिल्यांदा उंच टाचांचे घालायचे असतात. यारेली हॉलच्या मधोमध खुर्चीवर बसली. निकानोर गुडघ्यावर बसला. सपाट बूट निघाले, उंच टाचांचे पायांत गेले, पण पट्ट्याला बारीक बक्कल होतं. त्याची बोटं थरथरायला लागली. बक्कल सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. कुणीतरी खाकरलं. मी मुठी आवळून उभा होतो. माझ्या शेजारी फिदेन्सिओ पुटपुटत होता, बसव रे, बसव, घड्याळ समज. आठव्या की नवव्या खेपेला टक् झालं. दुसऱ्या पायाला त्याहून वेळ लागला. यारेलीने पाय मागे घेतला नाही आणि मदतही केली नाही. नुसती त्याच्या डोक्याकडे बघत बसली. तो उठला तेव्हा त्याच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि आम्ही अकरा जणांनी अशा टाळ्या पिटल्या, की बँडला वाटलं इशारा झाला. त्यांनी वॉल्ट्झ सुरू केला.

यारेलीने मामाकडे पाहिलं. मग बापाकडे. मग बापाच्या समोर जाऊन उभी राहिली.

आता बघा, मी मनात म्हटलं. आता बघा कपाटाची करामत.

निकानोरने मान वर केली, पाठ ताठ केली, आणि डावा हात नाजूकपणे मुलीच्या खांद्यावर ठेवला. यारेलीनेही आपला हात त्याच्या खांद्यावर ठेवला. दोघं थांबली. तो वाट बघत होता की ती पुढे येईल. ती वाट बघत होती की तो पुढे येईल. मग एकाच वेळी दोघंही मागे गेली. हात ताणले गेले. निकानोरने हसरं तोंड करून, माझ्याकडून शिकला होता अगदी तश्शी, तिच्या हाताखालून एक सुरेख गिरकी घेतली. तिनेही त्याच क्षणी गिरकी घेतली. घेर कोटाच्या झालरीत अडकला.

सहा आठवडे! सहा आठवडे मी त्याला मुलीचा नाच शिकवला होता. नऊ वेळा मुलगा म्हणून नाचलेला माणूस मी, मला दुसरी बाजू माहीतच नव्हती. मी पुढे, तो मागे. त्या घरात ना बाई, ना व्हिडिओ, ना धड आरसा. माझी चूक मला दाखवणार कोण? आणि आजूबाजूला दहा लाल कोट माना डोलावत होते, कारण त्यांच्या मते सगळं अगदी बरोबर चाललं होतं. पाद्रिनोसुद्धा. आमच्या घरात मी दहा पुरुष आणि एक पाद्रिनो अशा अकरा उत्तम मुली तयार केल्या होत्या.

लोक हसायला लागले. आधी मुलं, मग मावश्या. फोन वर आले. चार वर्षांपूर्वीचे तेच हात, तेच फोन. निकानोरचा चेहरा पांढरा पडला. त्याने हात खाली घेतले. रोखेलिओ मामा कोट सारखा करत पुढे आला. "सोड निकानोर. पुरे आता. मी घेतो."

निकानोर खरंच बाजूला व्हायला लागला. मला ओरडायचं होतं की चूक त्याची नाही, माझी आहे, पण मी टोपी डोळ्यांवर ओढली. लाज कशी असते हे मी चौथऱ्यावरून शंभरदा सांगितलं होतं. खरी तेव्हा कळली.

"मामा, थांब," यारेली म्हणाली. "बाबा, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

निकानोरने माझ्याकडे बोट दाखवलं नाही. "मी शिकलो," तो म्हणाला. "रोज शिकलो. एक दिवस चुकवला नाही."

"रोज?"

"उसळीनंतर. बेचाळीस दिवस."

मग तिने झग्याचा घेर झालरीतून सोडवला आणि आपला उजवा हात बापाच्या पाठीवर ठेवला, जसा मी ठेवायचो.

"चला मग," ती म्हणाली. "हे सात घोडे दीड महिना माझ्याबरोबर तालीम करतायत." तिने समारंभात तिच्याबरोबर नाचायला ठेवलेल्या, टाय लावलेल्या सात पोरांकडे मानेने खूण केली. "एकालाही धड येत नाही. सगळ्यांना मीच ओढत होते. मला दोन्ही बाजू येतात. मी पुढे आले की तुम्ही मागे."

"ते येतं मला," निकानोर म्हणाला.

"मग बघताय काय? एक, दोन, तीन."

आणि ती निघाली. पंधरा वर्षांची पोर, उंच टाचा आयुष्यात पहिल्यांदा घातलेली, लाल कोटातल्या बापाला पुढे घालून सगळ्या हॉलभर फिरवत होती. तो पिसासारखा जात होता. हात वर केला की गिरकी. मागे, मागे, बाजूला. हसणारे हळूहळू थांबले, कारण नाच खरोखर सुंदर होता. हे मी नुसतं शिकवलं म्हणून म्हणत नाही. तिसऱ्या फेरीला फिदेन्सिओला राहवेना, त्याने बँडच्या सुरात पूम-पा-पा मिसळलं. जेलीचे पहारेकरीसुद्धा जेली सोडून आले, आणि आजीने टोपी उचलून बाजूला फेकली तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. मी ढसाढसा रडत होतो. सहा फूट दोन इंचांचा माणूस रडायला लागला की लोक सरकून जागा देतात, तशी दिली.

वॉल्ट्झ संपला. निकानोर धापा टाकत होता, पण उभा होता. यारेलीने त्याची टोपी सरळ केली आणि तशीच आमच्याकडे आली. पाद्रिनोसमोर उभी राहिली. उंच टाचांमुळे ती त्याच्यापेक्षा बोटभर उंच झाली होती.

"यांचे किती दिवस राहिलेत?"

"आठ," पाद्रिनो म्हणाला. "पुढचा रविवार नव्वदावा."

"येते मी रविवारी."

पाद्रिनो हरखला. पहिल्यांदाच येत होती ना. "ये की, पोरी! अकरा ते एक भेटीची वेळ असते. बाक जिन्याखाली आहे."

"भेटायला नाही," यारेली म्हणाली. "न्यायला येते."